ऐकण्यात डोळ्यांचा आणि हातांचा वाटा



सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट, वाचोपचारतज्ज्ञ, कर्णबधिर मुलांचे शिक्षक, संगीत शिक्षक आणि पालक यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे.   मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. आपण कान तपासतो. पण मेंदूतल्या ज्या पेशींना आपण ‘श्रवणाच्या पेशी’ म्हणतो, त्यांतल्या काही डोळ्यांचे आणि त्वचेचेही ऐकतात. हे आता प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. मग आपली तपासणी, आपली थेरपी आणि आपली शाळा त्याप्रमाणे बदलायला हवी की नको? माझे उत्तर ‘हवी’ असे आहे. ते का, हे सांगतो.

ऐकण्याचा शास्त्रीय शोध आपल्या भागाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचा हिशेब तारेच्या लांबीवर मांडता येईल का, या ध्यासाने त्यांना पछाडले. मिरजेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते अब्दुल करीम खाँसाहेब स्वर लावत आणि देवल मोजत. १९१० साली त्यांचा श्रुतींवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी त्यांना मिळाले आणि श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांना ही मांडणी मान्य नव्हती. त्या वादात मी शिरत नाही. पण एक लक्षात घ्या. देवलांनी गळ्यातून निघालेला स्वर मोजला. तो स्वर ऐकणाऱ्याच्या मेंदूत गेल्यावर त्याचे काय होते, हे दार त्या काळी बंद होते. ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत किलकिले झाले.

आपण विद्यार्थी असताना शिकलो ते चित्र सरळ होते. कानातल्या शंखाकृती कॉक्लिआतून श्रवणचेता निघते, मेंदूच्या देठातल्या केंद्रांतून, मध्यमेंदूतून आणि थॅलॅमसमधून संदेश वर चढतो आणि कानशिलामागच्या श्रवणक्षेत्रात पोचतो. डोळ्यांची वाट वेगळी, स्पर्शाची वेगळी. सगळ्यांची गाठभेट होते ती फार वर, विचाराच्या पातळीवर. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे.

पहिला मोठा धक्का मध्यमेंदूतून आला. १९८३ मध्ये अॅलेक्स मेरेडिथ आणि बॅरी स्टाइन यांनी मांजराच्या सुपीरियर कॉलिक्युलस या भागातील एकेका पेशीची नोंद प्रसिद्ध केली. काही पेशी प्रकाशालाही प्रतिसाद देत होत्या आणि आवाजालाही. आणि दोन्ही एकदम आले तर कित्येकदा दोन्ही प्रतिसादांच्या बेरजेपेक्षाही जोरात. पुढच्या कामातून तीन नियम निघाले. आवाज आणि प्रकाश एकाच जागेवरून यावेत. ते जवळजवळ एकाच वेळी यावेत. आणि दोन्ही जितके क्षीण, तितका एकत्र येण्याचा फायदा अधिक. हा तिसरा नियम आपल्या व्यवसायाने घोकून पाठ करावा असा आहे. ज्याचा कान चांगला आहे, त्याला शांत खोलीत बोलणाऱ्याचा चेहरा दिसला काय आणि न दिसला काय, फारसा फरक पडत नाही. ज्याचा कान मंद आहे, किंवा जो एस.टी. स्टँडच्या गोंगाटात उभा आहे, त्याला चेहऱ्याची गरज सर्वांत जास्त. समबी आणि पोलॅक यांनी १९५४ सालीच मोजले होते की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढवण्याइतका होऊ शकतो. श्रवणयंत्राचे गुण सांगताना आपण डेसिबल मोजतो. हे फुकटचे डेसिबल मात्र कोणत्याही फाइलमध्ये लिहिले जात नाहीत.

पुढे शोध खुद्द श्रवणक्षेत्रात शिरला. १९९७ मध्ये जेमा कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आवाज बंद ठेवून नुसते बोलणारे ओठ दाखवले तरी माणसाच्या मेंदूतील श्रवणक्षेत्र कामाला लागते. २००३ मध्ये माकडांच्या श्रवणक्षेत्रातील पेशी स्पर्शाला प्रतिसाद देतात, अशी नोंद झाली. २००७ मध्ये जेनिफर बिझली, अँड्र्यू किंग आणि त्यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने फेरेट या मुंगुसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात पाहिले की प्राथमिक श्रवणक्षेत्रातही सुमारे १५ टक्के पेशींवर दृश्याचा परिणाम होतो आणि त्याच्या भोवतालच्या क्षेत्रांत हे प्रमाण वाढत जाते. ड्यूक विद्यापीठातील जेनिफर ग्रो यांच्या गटाने तर २०१८ मध्ये दाखवले की डोळे एका बाजूकडून दुसरीकडे वळले की कानाचा पडदा हलतो, आवाज नसतानाही. म्हणजे डोळ्यांची खबर पार पडद्यापर्यंत पोचते.

इथे थोडे थांबून हातचे राखूनही बोलले पाहिजे. १५ टक्के म्हणजे सगळ्या नव्हेत. प्राथमिक क्षेत्रातल्या बहुसंख्य पेशी आवाजाच्याच आहेत. शिवाय बरेचदा दृश्य त्या पेशीला स्वतः पेटवत नाही, आवाजाला मिळणारा तिचा प्रतिसाद कमी-जास्त करते. आणि उंदरांवरच्या २०२३ च्या एका अभ्यासात असे दिसले की आवाज ऐकून दृष्टिक्षेत्रात जी हालचाल दिसते, तिचा मोठा भाग आवाजाने दचकून उंदीर स्वतः हलतो, त्यामुळे होतो. म्हणून ‘सगळ्या इंद्रियांची एकच पेशी’ असा डांगोरा पिटू नये. पण जे सिद्ध झाले आहे, तेवढ्यानेही आपले काम बदलते.

दुसरी वाट स्पर्शाची. कानातून निघालेला संदेश मेंदूत पहिल्यांदा थांबतो ते ठिकाण म्हणजे कॉक्लिअर न्यूक्लिअस. त्याच्या मागच्या भागात जबडा, चेहरा आणि मान यांच्याकडून येणारे धागेही उतरतात. मिशिगन विद्यापीठाच्या सुसान शोर यांनी गिनीपिगवर वर्षानुवर्षे हे काम केले. कानाला इजा झाली, तिकडून येणारा संदेश कमी झाला, की स्पर्शाच्या धाग्यांचा तिथला जोर वाढतो. कानात सतत गुणगुण, शिट्टी ऐकू येणारे रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांतले काही जण सांगतात, ‘डॉक्टर, दात आवळले की आवाज वाढतो, मान वळवली की बदलतो.’ त्यांना मानसिक म्हणून वाटेला लावू नका. त्यांच्या तक्रारीला शरीररचनेचा आधार आहे. शोर यांच्या गटाने ठरावीक वेळेच्या अंतराने आवाज आणि गालावर किंवा मानेवर सौम्य विद्युत स्पर्श एकत्र देऊन केलेल्या ९९ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले; त्यात त्रास कमी झाल्याचे दिसले. उपचार अजून आपल्या दवाखान्यात पोचलेला नाही, पण जबडा आणि मान तपासायला यंत्र लागत नाही.

कर्णबधिर मुलांच्या शिक्षिकांनी हे सगळे आपल्या आधी ओळखले होते. ‘प’ आणि ‘फ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक शिकवताना बाई मुलाचा तळहात स्वतःच्या तोंडासमोर धरतात. ‘फ’ला फुंकर लागते, ‘प’ला लागत नाही. २००९ मध्ये ब्रायन गिक आणि डोनाल्ड डेरिक यांनी इंग्रजी बोलणाऱ्या, चांगले ऐकू येणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. आवाज ऐकवताना हातावर किंवा मानेवर हळूच हवेची फुंकर सोडली, तर ‘ब’सारखा उच्चार त्यांना अधिक वेळा ‘प’सारखा ऐकू आला. आणि १९७६ चा मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांचा प्रयोग तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे: ओठ ‘ग’ म्हणतात, आवाज ‘ब’चा, आणि बहुतेक प्रौढांना ऐकू येतो ‘द’. डोळे मिटले की ‘ब’ परत येतो. युक्ती माहीत असली तरी फसगत होते.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तेव्हा इथे या प्रकाराचे नवल वाटू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्याबरहुकूम अभिनय करीत, बोलत. गाणे एकाच्या गळ्यात, त्याचा भाव दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. आणि पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही एक. त्याच भाव्यांनी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी त्या पुन्हा नाचवल्या. पाध्यांचा अर्धवटराव बोलतो, तेव्हा आवाज पाध्यांचा असतो हे माहीत असूनही तो बाहुल्याच्याच तोंडातून येतो असे वाटते. शब्दभ्रम हा घशाचा चमत्कार आहे, असा आपला समज. खरे तर तो प्रेक्षकाच्या मेंदूचा आहे. जागा ओळखण्याच्या कामात डोळे कानापेक्षा अचूक, म्हणून मेंदू जागेच्या बाबतीत डोळ्यांचा शब्द मानतो. २००४ मध्ये आलाइस आणि बर यांनी हे मोजून दाखवले. दृश्य मुद्दाम खूप धूसर केले, की मेंदू बाजू बदलतो आणि कानाचे ऐकतो. म्हणजे त्यात पक्षपात नाही. ज्याची साक्ष अधिक खात्रीची, त्याला अधिक वजन. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांचा आवाज कर्ण्यातून येतो आणि आपल्याला तो पडद्यावरच्या नायिकेच्या ओठांतून येताना ऐकू येतो, तोही याच हिशेबाने.

संगीत शिक्षकांसाठी एक प्रयोग मुद्दाम सांगतो. २००७ मध्ये शुट्झ आणि लिप्सकॉम यांनी मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे वादन चित्रित केले. वादकाने हाताची लांब, पसरट हालचाल केली की ऐकणाऱ्यांना तोच स्वर अधिक लांबलेला वाटला. तुटक हालचाल केली की आखूड. नुसत्या आवाजात फरक नव्हता. साताऱ्याजवळ औंधाला अंतूबुवा आणि गजाननबुवा जोश्यांची परंपरा. तिथल्या मैफलीत पुढच्या सतरंजीवर बसलेला रसिक गायकाचा मींड घेणारा हात पाहत असतो. त्याच्या कानावर तो हात काही ना काही काम करत असणारच. मिरजेच्या सतारमेकरांच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीवर जवारी लावताना कारागीर तार छेडतो, ऐकतो, घासतो आणि बोटांनी चाचपतो. तंबोरा घेऊन गाणाऱ्याच्या खांद्याला त्या कंपनांचा स्पर्श होत असतो. आपल्या संशोधनाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? पण मिरजेच्या कारागिराच्या कानाची आणि बोटांची एकत्र परीक्षा आपण कधी घेतली आहे का?

आता मुलांकडे येतो, कारण सगळ्यात तातडीचा प्रश्न तोच आहे. दोन इंद्रियांची जोड जन्मतः तयार नसते. नवजात मांजराच्या पिलात त्या पेशी दोन्ही संदेश एकत्र करू शकत नाहीत. अंधारात वाढवलेल्या पिलात ही शक्ती नीट येतच नाही. एरिक नुडसेन यांनी गव्हाणी घुबडाच्या पिलांच्या डोळ्यांसमोर प्रिझम लावले. जग एका बाजूला सरकलेले दिसू लागले आणि काही आठवड्यांत त्यांचा आवाजाचा नकाशाही तितकाच सरकला. कान ठीकच होते. डोळ्यांनी त्यांना नवा पत्ता शिकवला. मोठ्या घुबडांत हे फारच कमी जमले. माणसाच्या मुलांचे तसेच. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांवरच्या २००५ च्या अभ्यासात, अडीच वर्षांच्या आत इम्प्लांट झालेली मुलेच ओठ आणि आवाज यांची सांगड सातत्याने घालू शकली. अनु शर्मा यांच्या २००२ च्या कामातही साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद वयाला शोभेसा होतो आणि सात वर्षांनंतर बहुधा होत नाही, असे दिसले. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात, हा दंडक केवळ कागदी नाही. पाटण-जावळीच्या डोंगरातले किंवा जत-आटपाडीच्या कोरड्या रानातले मूल तीन-चार वर्षांचे होऊन आपल्याकडे येते, तेव्हा आपल्या हातातला सर्वांत मोलाचा काळ बराचसा गेलेला असतो.

यातूनच तो वाद येतो, ज्यावर आपल्या परिषदांत आवाज चढतात. थेरपी देताना तोंड हाताने झाकावे की नाही? इम्प्लांट झालेल्या मुलाला खुणांची भाषा शिकवावी की नाही? भीती अशी, की डोळ्यांना वाव दिला तर ते श्रवणक्षेत्र बळकावतील. स्टीफन लोंबर, मेरेडिथ आणि आंद्रेज क्राल यांनी २०१० मध्ये जन्मतः बहिऱ्या मांजरांवर केलेले काम इथे उपयोगी पडते. त्या मांजरांची कडेची नजर ऐकणाऱ्या मांजरांपेक्षा सरस होती. श्रवणक्षेत्रातील एक ठरावीक भाग थंड करून निष्क्रिय केला की ते सरसपण गेले. तो भाग कोणता? ऐकणाऱ्या मांजरात आवाजाची जागा ओळखणारा. म्हणजे जागेचे काम करणारी पेशी जागेचेच काम करत राहिली. खबर मात्र कानाऐवजी डोळ्यांकडून घेऊ लागली. ही पुनर्रचना बहिरेपणामुळे झाली. खुणांची भाषा कोणी मांजराला शिकवली नव्हती. मेंदूची जागा रिकामी ठेवते ती आवाजाची उणीव आणि आपली दिरंगाई. त्याचे खापर खुणांवर फोडणे शास्त्राला धरून नाही. केवळ ऐकण्याचा सराव म्हणून तासातला काही वेळ तोंड झाकण्यात गैर काही नाही. पण दिवसभर मुलापासून चेहरा लपवणे, किंवा घरच्यांना खुणा करायला बंदी करणे, याला मला आधार दिसत नाही. हे माझे स्पष्ट मत आहे, आणि विरोधी मत पुराव्यासह ऐकायला मी तयार आहे.

दोन भाबड्या समजुतींचाही निकाल लावू. एक, दृष्टी गेली की कान आपोआप तीक्ष्ण होतात. विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण नेहमी दिले जाते. लहानपणी दारूकामाच्या स्फोटात त्यांचे डोळे दुखावले, उपचारासाठी ते मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी १८९६ पर्यंत तालीम घेतली. त्यांच्या गाण्याचे श्रेय त्या कठोर तालमीला द्यायचे, अपघाताला नव्हे. मेंदूत जागा मोकळी होते, तिथे काय उगवेल हे सराव ठरवतो. दुसरी समजूत अधिक घातक. मध्यमेंदूत इंद्रियांचा संगम होतो, या अर्ध्या माहितीवर ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले. डोळ्यांना पट्टी बांधून मूल हाताने चाचपून किंवा हुंगून रंग ओळखते, वाचते, असे सांगून पालकांकडून हजारो रुपये घेतले गेले. मूल नाकाच्या बाजूच्या फटीतून पाहते. फट बुजवली की विद्या संपते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वाढवलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या दाव्यांना उघड आव्हान दिले, त्याला आपण व्यावसायिक म्हणून पाठबळ दिले पाहिजे. खरे शास्त्र आपण सांगितले नाही, तर खोटे शास्त्र विकणारा सांगेल.

मग करायचे काय? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर ऐकण्यास जड आणि ७० च्या पुढे बहिरा, असे ठरते. प्रमाणपत्राला आकडा लागतो, तो राहू दे. पण बंद केबिनमधल्या शुद्ध स्वरांच्या चाचणीवर रुग्णाचे सगळे ऐकणे तोलू नका. मराठीत, चेहरा दिसत असताना आणि नसताना, शांततेत आणि गोंगाटात घेता येईल अशी प्रमाणित वाक्यांची दृक्-श्राव्य चाचणी हवी. तीत माणदेशी बोलीचा विचार झाला पाहिजे आणि जतच्या कन्नड-मराठी घरांचाही. तिच्या शब्दावलीसाठी वाईच्या विश्वकोशाचे दार जवळच आहे. शाळेत कर्णबधिर मूल असेल, तर उजेड शिक्षकाच्या चेहऱ्यावर पडावा, पाठीवर नव्हे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मास्कच्या काळात किती मुलांचा अभ्यास ओठांसोबत झाकला गेला, हे आपण पाहिले आहे. आणि गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोर छाती धडधडते, तेव्हा त्वचेलाही आवाजाचा मार लागतो, पण कायमचे नुकसान कानाच्या नाजूक केसपेशींचे होते आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे मंडळांना वारंवार सांगावे लागेल.

संशोधनाचा मोठा पैसा आपल्याकडे नाही. पण रुग्ण आहेत, कारागीर आहेत, नाटक आहे, गाणे आहे आणि दोन जिल्ह्यांत मिळून एकमेकांना ओळखणारी माणसे आहेत. म्हणून माझी विनंती एवढीच. उद्यापासून प्रत्येक रुग्णाच्या कागदावर दोन गुण लिहा: चेहरा झाकून किती शब्द कळले आणि चेहरा दिसताना किती. दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांनी एकाच नमुन्यात लिहा आणि पुढच्या परिषदेला ते कागद घेऊन या. मराठी माणूस कानाने किती आणि डोळ्यांनी किती ऐकतो, याचा पहिला भरवशाचा हिशेब आपल्या सातारा-सांगलीतून निघू द्या.